धुऱ्यापलीकडच्या शेंगा

सुंदराबाई चहा बशीत ओतते आणि कपात एक घोट मुद्दाम ठेवते. तो घोट ती सगळ्यात शेवटी, पार थंड झाल्यावर पिते.

वावरात शिरण्याआधी चपला काढून उपड्या ठेवते. पावसाचं पाणी साचू नये म्हणून.

मोबाइल कानाला लावत नाही. आरशासारखा तोंडासमोर धरते आणि ओरडून बोलते. पलीकडचा माणूस काय म्हणाला ते सगळ्या गल्लीला कळतं.

कुणी तिच्या शेंगांची तारीफ केली की ती लगेच दुसऱ्या कुणाच्या तरी शेंगांची तारीफ करते.

खोटं बोलणाऱ्याशी वाद घालत नाही. त्याच्याकडे पाहत नुसती सुपारी कातरत बसते. बोलणारा आपोआप थांबतो.

आणि बरबटीच्या वेलांत पाय ठेवण्याआधी ती वाकून एका पानाला मनगट लावते. मनगट ओलं झालं की मागे फिरते. मग तोडणीच्या बायका खोळंबू देत, बाजाराची गाडी निघून जाऊ दे.

ती आमच्या घरामागे राहते. मी अमरावतीहून मराठीत एम.ए. करून गावी परत आले, तेव्हा बसण्यासारख्या दोनच जागा मला दिसल्या. एक आमची गच्ची, दुसरी तिचं वावर. गच्चीवर बोलायला कुणी नव्हतं. ती माझ्या आईपेक्षा मोठी आहे, तरी आमची मैत्री झाली. तसं मी तिला म्हणाले, तर ती म्हणाली, "मैत्री कायची वं! तुले काम नाई अन् मले सोबत नाई."

गाव अंजनगाव सुर्जीच्या अलीकडे, नाल्याच्या काठावर. घरची कपाशी-तुरीची जमीन तिचा नवरा पुंजाराम पाहतो. नाल्याजवळचा लहान तुकडा मात्र तिचा. त्यात अर्धा घेवडा आणि अर्धी बरबटी. बाकी महाराष्ट्र जिला चवळी म्हणतो, तीच आमची बरबटी. तुकड्याच्या कडेला एक धुरा आहे, गुडघाभर उंचीचा, गवतानं भरलेला बांध. धुऱ्यापलीकडचं वावर हलीमाबीचं.

हलीमाबी तिच्याहून थोडी मोठी. सुंदराबाई तिला आपा म्हणते. एकीच्या घरी पाहुणे आले आणि भाजी कमी पडली, तर दुसरीच्या वावरातून शेंगा तोडून न्यायच्या. नंतर सांगितलं की झालं. इतकी वर्षं हे असंच चाललेलं.

हलीमाबीचा मुलगा साजिद अकोल्याला पंपाच्या जळालेल्या मोटारी भरण्याच्या, म्हणजे त्यांत नवी तार गुंडाळून देण्याच्या दुकानात होता. या वर्षी मृगात तो घरी आला आणि म्हणाला, आता शेती करतो. हलीमाबीचा भरवसा नव्हता.

"एक मौसम देते तुले," ती म्हणाली. "जमलं तं राह्य. नाई तं उलट्या पावली अकोल्याले जाय."

सुंदराबाई मध्ये पडली. "मी हाव ना, आपा. लावू दे त्याले बरबटी. बाकीचं माह्यावर सोड."

तिनं स्वतःचं बी दिलं. ओळी आखून दिल्या. शेंग कशी तोडायची ते दाखवलं. एका हातानं दांडा धरायचा, दुसऱ्या हाताच्या नखानं शेंग खुडायची. ओढायची नाही. दांडा राहिला तर त्यावरच पुढच्या शेंगा धरतात. साजिद मन लावून शिकला. त्याचं गावात राहणं त्या बरबटीवर ठरणार होतं, आणि हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

श्रावणात आमच्याकडे झड लागते. पाऊस जोराचा नसतो, पण थांबतही नाही. थांबलाच तर ऊन पडत नाही, वारा सुटत नाही. मिठाला पाणी सुटतं. दोरीवरच्या कपड्यांना वास येतो. अशा हवेत बरबटी वेड्यासारखी वाढते. काल बोटाएवढी असलेली शेंग उद्या जाड होते, परवा तिला कुणी विचारत नाही. रोज तोडायला हवी. आणि रोज पानं ओली. ओल्या वेलाला हात लागला की एका वेलाचा रोग हातानं, पदरानं, टोपल्याच्या बुडानं दुसऱ्या वेलावर जातो. म्हणून सुंदराबाईचा तो मनगटाचा नियम.

तोडणीच्या बायका धुऱ्यावर वाट पाहत बसत. जमुना त्यांच्यातली सगळ्यात तोंडाळ.

"साजिद, तुह्या मोबाइलवर पानं सुकली का नाई ते दिसत नाई का रे?"

"दिसते ना, जमुनामावशी. पण तुह्या आवाजानं नेटवर्क पळालं."

एकदा तो कंटाळून ओल्यातच आत शिरला. सुंदराबाईनं त्याला कान धरून बाहेर काढलं. हलीमाबी समोरच होती. ती पोट धरून हसली. "वढ, वढ, सुंदरा! माह्यानं नाई जमलं ते तू कर."

त्यानंतरच्या झडीत सुंदराबाईच्या बरबटीत करपा दिसला. एका कोपऱ्यातच. पानांवर पाणी प्यायल्यासारखे डाग, मग ते तपकिरी, कडेनं पिवळे. तिनं सगळ्यांना बजावलं. "माह्या त्या कोपऱ्याकडं कोणी फिरकू नोका. वेल सुकले की उपटून टाकीन. साजिद, तू तं अलीकडं येऊच नोको."

साजिद आला नाही.

त्याच आठवड्यात आरतीला पाहायला पाहुणे आले. आरती सुंदराबाईची मुलगी. मुलगा शेखर, अकोल्याला शिक्षक. त्याच्यासोबत त्याची आई माणिकबाई होत्या. त्या दिवशी मी आरतीपाशी घरात होते. वावरात काय झालं ते मी पाहिलं नाही. सुंदराबाईनं ते मला फार नंतर सांगितलं, तेही माझ्याकडे न पाहता.

चहापोहे झाले. पाऊस जरा थांबला होता.

"वावर दाखवा ना, विहीणबाई," माणिकबाई म्हणाल्या. "आमाले शहरात कुठी दिसते असं हिरवं!"

पसंती अजून कुणी सांगितली नव्हती. पण त्या विहीणबाई म्हणाल्या. सुंदराबाई म्हणते, "त्या एका शब्दानं माह्यं डोस्कं फिरलं."

धुऱ्यावर छत्री घेऊन उभ्या राहून माणिकबाईंनी वेल पाहिले. "वानोळा तं द्याल ना आमाले?"

आपल्या वावरात जे पिकलं त्यातलं थोडं सोयऱ्याधायऱ्याच्या पिशवीत घालायचं, त्याला आमच्याकडे वानोळा म्हणतात. तो विकत नाहीत, मोजत नाहीत. आणि कुणी तोंडानं मागितला तर त्याला नाही म्हणत नाहीत.

सुंदराबाईनं पानाला मनगट लावलं नाही. पानांवरून पाणी टपकत होतं.

ती आत शिरली. झडीमुळे तोडणी राहून गेलेली, म्हणून शेंगा जाड झालेल्या. विहिणीच्या पिशवीत जाड शेंगा कशा घालायच्या? कवळ्या शेंगा फक्त कोपऱ्यात होत्या, उशिरा लावलेल्या वेलांवर. करपा होता तिथंच. तिनं बिनडागी शेंगा निवडून तोडल्या. पिशवीचं बूडही झाकलं गेलं नाही.

"अन् त्या पल्याडच्या?" माणिकबाईंनी छत्रीच्या टोकानं साजिदचं वावर दाखवलं. "काय कवळ्या हायेत वं बाई! त्या कोणाच्या?"

"त्या बी आपल्याच," सुंदराबाई म्हणाली.

आणि धुरा चढून पलीकडे उतरली. पदर ओला होता, हात ओले होते. साजिदच्या वेलांवरचा तो पहिला तोडा. साजिदनं तो अजून केला नव्हता. तो आणि हलीमाबी त्या दिवशी अंजनगावच्या बाजारात होते.

एकेका वेलावरची एखादीच शेंग खुडत पिशवी भरली, त्यामुळे तोडल्याचं कुणाला दिसलं नसतं. पाहुणे गेले.

संध्याकाळी हलीमाबीनं धुऱ्यावरून विचारलं, "कसे होते पाव्हणे?" सुंदराबाई म्हणाली, "चांगले होते." शेंगा तोडल्याचं सांगितलं असतं तर हलीमाबीला आनंदच झाला असता. पण तोडल्या हे सांगायचं तर ओल्यात शिरले हे सांगावं लागलं असतं. कुठून शिरले हेही. तिनं ठरवलं, उद्या सांगू. उद्या सकाळी पसंतीचा फोन आला आणि घरात पेढे आले.

पुढच्या आठवड्यात साजिद हातात पान घेऊन आला.

"मावशी, हे काय होय?"

सुंदराबाईनं पान उलटंपालटं केलं. "हवा खराब हाय, बेटा. समदीकडं असंच होऊन राहिलं."

हे खोटं नव्हतं. गावात कुणाच्या उडदाला बुरशी होती, कुणाच्या कपाशीची पाती-फुलं गळत होती. म्हणूनच तिला ते सहज बोलता आलं.

डाग शेंगांवर आले. शेंगा वाकड्या झाल्या. हलीमाबी कमरेवर हात ठेवून बराच वेळ वेलांकडे पाहत राहिली. ती शेतकऱ्याची बाई आहे. तिला हवेचं कारण पटलं नाही.

"हवा तं चारी आंगानं असते," ती म्हणाली. "हे तं धुऱ्याकडून जळत आलं. कोणी तं शिरलं इथं. तूच शिरला असशील."

"अल्ला कसम, अम्मी, नाई शिरलो."

"त्या खेपेले शिरला नव्हता?"

"तवा शिरलो होतो. त्याच्यावर मावशीनं कान उपटला. त्याच्यानंतर नाई." तो वळला. "मावशी, तू सांग ना अम्मीले."

मी तिथंच होते. सुंदराबाई खाली बसून घेवड्याच्या शेंगा निवडत होती. ती थांबली. मग म्हणाली, "ओल्यात जाऊ नये, बेटा."

एवढंच म्हणाली. त्यात साजिदचं नाव नव्हतं. मला वाटलं, शिकवणाऱ्या माणसानं एखाद्याला हळूच समज द्यावी, तसं ती बोलली. हलीमाबीलाही तसंच वाटलं असणार. तिनं मुलाकडे पाहून मान हलवली.

साजिद सुंदराबाईकडे पाहत होता. त्याला राग आलेला दिसत नव्हता. तो काहीतरी आठवण्याचा प्रयत्न करत होता.

पोळ्यानंतर त्यानं सगळे वेल स्वतः उपटले. ओले वेल जळेनात, म्हणून खड्डा करून पुरले. मग अकोल्याला गेला. एसटीपर्यंत त्याला पोचवायला कुणी गेलं नाही.

त्यानंतर सुंदराबाई वावरात नाल्याच्या वाटेनं जाऊ लागली. ती वाट लांबची आणि चिखलाची. तिकडून गेलं की हलीमाबीचं घर लागत नाही. घरात बरबटी शिजवणं तिनं बंद केलं. पुंजाराम एकदा जेवताना म्हणाला, "का वं, घरच्या बरबटीले का झालं? बेसनच खाऊ घालून राहिली रोज." ती ताटावरून उठून गेली. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "पोट्टीचं लगन आलं का मायचं असंच होते."

मलाही तसंच वाटलं.

दसऱ्यानंतर आरतीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं. अंगणात मांडव होता. हलीमाबी हिरव्या बांगड्या आणि साडी घेऊन आली. सुंदराबाईनं तिला पुढे बसवलं, पण तिच्याशेजारी बसली नाही. सारखी कामाला उठत होती. मुलीच्या ओटीत फळं पडली, साखर तोंडात गेली, फोटो झाले. बायका जेवायला बसल्या. माणिकबाई खुशीत होत्या. त्यांना सगळ्यांसमोर विहिणीचं कौतुक करायचं होतं.

"बाई, त्या शेंगांच्या भाजीची आमच्या घरी अजून आठवण काढतात," त्या म्हणाल्या. "मी सहज वानोळा म्हटलं, तं यायनं भर झडीत साडी वली करून तोडून दिल्या. अलीकडच्या वावरात कमी पडल्या, तं धुरा चढून पल्याडच्या वावरातल्या आणल्या. म्हटलं, शेखर, सासू पाह्य कशी हाये! दोन-दोन वावरं हायेत, पन हात आखडत नाई!"

हलीमाबीचा घास हातातच राहिला.

सुंदराबाई भाताचं पातेलं घेऊन उभी होती. तिनं पातेलं खाली ठेवलं. जमुना म्हणते, तिनं तेव्हा हसून वेळ मारून नेली असती, तर कुणाला काही कळलं नसतं. हलीमाबीला सोडून.

"ते वावर माह्यं नाई," सुंदराबाई म्हणाली.

"मंग कोणाचं?" माणिकबाई हसत होत्या.

"यायचं. हलीमाआपाचं. यायच्या साजिदचं. मी तुमच्यापाशी खोटं बोलली." मग ती हलीमाबीकडे वळली. बोलली ते सगळ्यांना ऐकू आलं. "आपा, माह्या कोपऱ्यातला करपा आंगावर घेऊन मी तिथं शिरली. पोट्टा नाई शिरला. मीच शिरली. अन् त्यानं मले इचारलं तवा मी गप्प राहिली."

पंगत थांबली. पुंजाराम दारात पाण्याचा जग घेऊन उभा होता. तो खाली बघत राहिला. आरतीनं आईकडे पाहिलं, मग शेखरकडे.

माणिकबाईंना वाटलं काहीतरी मोठं घडलं. मग त्यांना समजलं, आणि त्या मोकळ्या मनानं हसल्या. "अवं बाई, शेंगाच तं होत्या! मले वाटलं का झालं न् का नाई! बसा, बसा."

अकोल्याच्या बायका हसल्या. गावच्या बायका भात कालवत राहिल्या.

हलीमाबीनं पानावरचं सगळं संपवलं. हात धुतले. आरतीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग मला म्हणाली, "चाल बाई, मले घरापावतर सोड."

आम्ही मारुतीच्या पारापर्यंत गेलो. तिथं ती थांबली.

"अकोल्याले जाताना साजिद दारात उभा होता," ती म्हणाली. "म्हणे, अम्मी, मी नाई गेलो वं. मी का म्हटलं असन? म्हटलं, तुह्या हाताले बरकत नाई. पोटच्या पोराले म्हटलं. बाहेर जाणाऱ्या पोराले."

ती पुढे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सुंदराबाई तिच्या दारात गेली. मला सोबत चल म्हणाली, एवढीच तिची हिंमत. हलीमाबी बाहेर आली. बस म्हणाली नाही.

"आपा, मी..."

"मले का सांगतं? तू पहिल्याच दिवशी बोलली असती तं पोट्टं घरी असतं. आता मले सांगून तुह्यंच मन हलकं होईन. माह्यं का गेलं? चार शेंगा. ज्याचं गेलं त्याले सांग. अन् फोनवर नोको. तोंड दाखव."

दार बंद झालं नाही, पण ती आत गेली.

आम्ही अकोटवरून एसटीनं अकोल्याला गेलो. सुंदराबाई कुणाकडे जाताना पिशवी भरल्याशिवाय निघत नाही. त्या दिवशी तिनं सकाळपासून घेवडा काढला, परत ठेवला, लिंबं काढली, परत ठेवली. शेवटी रिकाम्या हातानं गाडीत बसली. अकोल्यापर्यंत दोन्ही हात पदराखाली होते.

साजिद दुकानाच्या पायरीवर मोटारीत तांब्याची तार भरत होता. आम्हाला पाहून उठला. "मावशी! तू कशी काय? बस ना. चाय सांगू का?"

"चाय नोको. पहिले ऐक."

तिनं उभ्यानंच सांगितलं. विहिणीपासून सगळं. 'त्या बी आपल्याच' हेही सांगितलं. तिथं एक गिऱ्हाईक पंप घेऊन उभं होतं, ते ऐकत होतं. ती थांबली नाही. साजिद ऐकताना तार बोटाभोवती गुंडाळत होता, सोडत होता.

ती बोलायची थांबली तेव्हा तो म्हणाला, "मले तं वाटे माह्याच हातानं झालं."

"तू गेला नव्हता ना रे?"

"नव्हतो गेलो. पक्कं होतं मले. पन अम्मी म्हणे, गेलाच असशील. मंग तू बी म्हटलं. तू खोटं बोलत नाई, मावशी. तवा मले वाटाले लागलं, गेलोच असीन. एखाद्या सांजेले. ध्यानात नसन." तो जरासा हसला. "इथी आल्यावर तं मले दिसे बी. मी वेलात शिरून राहिलो, पानं वली हायेत. समदं दिसे."

सुंदराबाई पायरीवर बसली. मी एम.ए.ला कथा-कादंबऱ्यांतून माणसांच्या मनाबद्दल बरंच वाचलं होतं. एखादा माणूस न केलेली चूक डोळ्यांनी पाहू लागतो, हे मला कुठंच भेटलं नव्हतं.

"चाल घरी," ती म्हणाली. "आता वाल लावू. थंडीत शेंगा येतीन. तुह्या अम्मीले मी सांगतलं समदं."

"अम्मी का म्हणे?"

"तुह्याकडं जाय म्हणे."

त्यानं तार परत बोटाभोवती गुंडाळली. "शेठले शब्द देल्ला मी, मावशी. सीझन भरून देतो म्हटलं." मग म्हणाला, "पाहू."

त्यानं चहा मागवलाच. तिनं तो घेतला. पैसेही त्यानंच दिले. तिला मान वर करता येईना.

परत आल्यावर चार दिवसांनी ती साजिदच्या वावरात गेली. कुणाला विचारलं नाही. पुंजारामकडून बांबू आणले, उभे केले, वालाच्या मांडवासाठी वरून सुतळी ताणायला सुरुवात केली. बुडाशी खड्डे केले, एकेकात बी टाकत गेली. मी सुतळीचं बंडल धरून मागे चालत होते. अर्ध्यापर्यंत आलो तेव्हा हलीमाबी दिसली. धुऱ्यावर उभी होती.

"हे कोणासाठी?"

"साजिदसाठी."

"तो येतो म्हटला का?"

"पाहू म्हटला."

"मंग राहू दे."

"आपा, वालाचा टाइम निघून जाईन. मी निस्तं लावून ठेवते. आल्यावर तो पाहीन."

"आल्यावर का पाहीन? तू लावलेलं पाहीन," हलीमाबी म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुह्यं मन मले समजते, सुंदरा. पन वावर त्याचं हाय. आला तं तो लावन. नाई आला तं पडीत राहीन. तू नोको लावू."

सुंदराबाईच्या मुठीत बी होतं. तिनं ते पदराच्या टोकाला बांधलं. सुतळी हातातून सोडली आणि नाल्याच्या वाटेनं घरी गेली. हलीमाबी तिथंच उभी राहिली.

त्याला महिना झाला. साजिदचा फोन येतो, तो हलीमाबीशी बोलतो, काय बोलतो ते ती सांगत नाही. मी अजूनही रोज तिकडून जाते. वावरभर बांबू उभे आहेत. अर्ध्या वावरात टाकलेलं बी उगवलं आहे. पुढच्या अर्ध्यात नुसते खड्डे आहेत. त्यांत बी टाकायचं राहिलं आहे.